खवट तेल, जवसाची चटणी आणि मेंदूतली गाठ

“ताई, यांचे शेक अजून पंधरा बाकी आहेत. जवसाचं तेल सुरू करू का?”

मामेबहिणीचा हा फोन मागच्या महिन्यातला. ती रामबागेत, मी राजेंद्र नगरला. दोघीही इंदूरच्याच, तरी हल्ली बोलणं फोनवरच जास्त. तिच्या यजमानांच्या मेंदूत ग्लायोब्लास्टोमा निघाला, ऑपरेशन झालं, आता रेडिएशन चालू आहे. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी त्याला ‘शेक’च म्हणतात, शेजारपाजारचे हिंदीवाले ‘सिकाई’ म्हणतात. त्या आठवड्यात तिच्या कुटुंबाच्या ग्रुपवर दोन निरोप आले होते. एक म्हणत होता, ओमेगा-थ्री घ्या, किरणांची ताकद वाढते. दुसरा म्हणत होता, मेंदूची गाठ चरबीवर जगते, तेलतूप बंद करा.

मी डॉक्टर नाही. तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, एवढंच. पण हे दोन्ही निरोप वाचून गंमत वाटली ती अशी, की दोन्हींच्या मुळाशी खरं संशोधन आहे आणि तरीही दोन्ही तसेच्या तसे पाळण्यासारखे नाहीत. ते का, हे तिला समजावताना मला स्वयंपाकघरातला एकच शब्द पुरला: खवट.

शेक म्हणतात, पण गरम काहीच होत नाही

ग्लायोब्लास्टोमा हा मोठ्या माणसांमध्ये मेंदूतच उगम पावणाऱ्या गाठींपैकी सर्वांत आक्रमक प्रकार. त्याची नेहमीची उपचारपद्धत म्हणजे जमेल तेवढी गाठ काढायची, मग सहा आठवडे सोमवार ते शुक्रवार असे तीस शेक, आणि सोबत टेमोझोलोमाइड या केमोथेरपीच्या औषधाच्या गोळ्या. एकूण मात्रा 60 ग्रे. ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचं माप: एक किलो ऊतीत एक ज्यूल ऊर्जा उतरली की एक ग्रे.

आता हिशेब करून बघा. किलोमागे 60 ज्यूल उष्णता दिली तर पाणी किती तापेल? एका अंशाच्या सत्तराव्या भागाएवढं. तेही सगळी मात्रा एका दमात दिली तर; रोजच्या शेकाने एका अंशाचा दोन हजारावा भागही जेमतेम. चहाचा एक घोट याहून कितीतरी जास्त उष्णता देतो. म्हणजे शेक हा शब्द कितीही रुळलेला असो, गाठ भाजून काढणं हा प्रकारच नाही.

मग मरतं काय आणि कशाने? पेशीत बहुतांश पाणी असतं. किरण त्या पाण्याच्या रेणूंना फोडतात आणि त्यातून निघतात फ्री रॅडिकल, म्हणजे एक इलेक्ट्रॉन जोडीविना उरलेले, चवताळलेले रेणू. ते निमिषभरही टिकत नाहीत, पण तेवढ्यात जवळ जे सापडेल त्याचा लचका तोडतात. एक्स-रे प्रकारच्या किरणांनी होणाऱ्या नुकसानीपैकी दोनतृतीयांश या आडवळणानेच होतं असं मानतात. त्यांचं मुख्य भक्ष्य डीएनए. त्याच्या दोन्ही दोऱ्या एकाच ठिकाणी तुटल्या की पेशीला ते सांधणं फार अवघड जातं, आणि सांधलं नाही तर ती पुढे विभागू शकत नाही.

पाठ्यपुस्तकात गोष्ट इथे संपायची. मी शिकवायचे तेव्हा तरी संपायची. अलीकडे लक्ष गेलंय ते रॅडिकलच्या दुसऱ्या भक्ष्याकडे, पेशीतल्या चरबीकडे.

तेलाला वास येतो म्हणजे नेमकं काय होतं

इंदूरात राहून शेव खवट झाल्याचा अनुभव नाही असा माणूस सापडायचा नाही. डब्याच्या तळाशी राहिलेली, दोन महिन्यांपूर्वीची शेव. दिसायला तशीच, पण झाकण उघडल्यावर जो वास येतो तो रंगाच्या दुकानासारखा असतो.

तेल, तूप, लोणी यांची मूळ वीट म्हणजे मेदाम्ल: कार्बनच्या अणूंची एक लांब साखळी, साधारण सोळा ते बावीस कड्यांची. साखळी जर पूर्ण भरलेली असेल, म्हणजे प्रत्येक कडीला जेवढे हायड्रोजन धरता येतात तेवढे धरलेले असतील, तर ते संतृप्त मेदाम्ल. काही ठिकाणी हायड्रोजन कमी आणि त्याऐवजी कड्यांमध्ये दुहेरी बंध असेल तर असंतृप्त. असा बंध एकच असला तर एकअसंतृप्त, एकाहून जास्त असले तर बहुअसंतृप्त. बस्स, या लेखाला एवढंच व्याकरण पुरे.

खोबरेल तेल जवळजवळ सगळं संतृप्त. सोयाबीन तेलात निम्म्याहून थोडं जास्त दोन दुहेरी बंधांचं लिनोलेइक आम्ल. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त तीन बंधांचं ओमेगा-थ्री.

बहुअसंतृप्त साखळीत खरी नाजूक जागा असते ती दोन दुहेरी बंधांच्या मधली. तिथला हायड्रोजन अगदी सैल धरलेला असतो. रॅडिकलने तो उचकटला की त्या जागी ऑक्सिजन चिकटतो आणि ती साखळी स्वतःच रॅडिकल बनून शेजारच्या साखळीचा हायड्रोजन ओढते. मग ती तिच्या शेजारणीचा. एका आंब्यापासून अख्खी अढी नासावी तसं. एकअसंतृप्त साखळीत अशी मधली जागाच नसते, म्हणून ती कितीतरी सावकाश खवटते.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर घरातल्या क्रिकेट खेळणाऱ्या पोराला विचारा. सी. के. नायडूंच्या गावात बॅटला जवसाचं तेल लावणं ही काही नवी गोष्ट नाही. लावल्यावर बॅट ओली असते, काही दिवसांत तेलाची पातळ, कोरडी पापडी धरते. ते तेल ‘सुकत’ नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याच्या साखळ्या एकमेकींत गुंततात. तेच खोबरेल तेल बॅटला लावलंत तर महिनाभराने हात चिकट.

आणखी एक गोष्ट आईकडून शिकलेली. लोखंडी कढईत तळण झालं की उरलेलं तेल ती लगेच गाळून दुसऱ्या भांड्यात काढायची. “कढईत राहिलं की वास येतो,” एवढंच सांगायची. तिचं बरोबर होतं. लोखंडाचे अंश ही साखळी भडकवतात.

पेशीसुद्धा खवटून मरते

प्रत्येक पेशीचं आवरण मेदाम्लांचंच असतं. पेशीत थोडं मोकळं लोह असतंच. म्हणजे तेल आलं, कढई आली. राहिलं काय, तर रॅडिकल. ते किरण पुरवतात.

आवरणातली चरबी हाताबाहेर खवटली की पेशी मरते. या मरणाला 2012 मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी फेरोप्टोसिस असं नाव दिलं. त्यातला ‘फेरो’ म्हणजे लोखंडच. मी बहिणीला सांगताना त्याला खवट मरण म्हटलं, इथेही तेच म्हणते. नंतरच्या दहा वर्षांत वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी दाखवलं की किरणोपचाराने कॅन्सरच्या पेशी मरतात त्यात डीएनए तुटण्यासोबत या खवट मरणाचाही वाटा असतो. पेशीकडे त्यावर उतारेही असतात: सेलेनियमवर चालणारं एक एन्झाइम खवटलेल्या साखळ्या जागच्या जागी दुरुस्त करतं, आणि आवरणात मुरलेलं ई जीवनसत्त्व साखळी मध्येच तोडतं. तेलाच्या पिशवीवर ‘अँटिऑक्सिडंट’ छापलेलं असतं ना, तीच भूमिका.

मग साहजिक विचार असा: गाठीच्या पेशीत बहुअसंतृप्त मेदाम्लं जास्त भरली तर तीच मात्रा जास्त मारक ठरेल का?

अगदी हाच प्रयोग अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात झाला, 1997 मध्ये प्रसिद्ध झाला. उंदराच्या मेंदूच्या गाठीच्या पेशी बशीत वाढवून त्यांना गॅमा-लिनोलेनिक आम्ल दिलं. हे तेच, जे प्रिमरोज तेलाच्या कॅप्सूलमध्ये असतं. मग किरण दिले. बहुअसंतृप्त मेदाम्लं मिळालेल्या पेशी जास्त मेल्या. सोबत ई जीवनसत्त्व दिलं की हा जास्तीचा परिणाम गेला, म्हणजे कारण खवटणं हेच होतं हे ताडता आलं. आणि उंदराच्या मेंदूतल्या निरोगी पेशींना त्याच आम्लाचा तसा त्रास झाला नाही. आपल्याकडे तर त्याही आधी, 1990च्या दशकाच्या सुरुवातीला, हैदराबादच्या निझाम इन्स्टिट्यूटमध्ये काही थोड्या रुग्णांच्या गाठीत हे आम्ल थेट सोडून पाहिलं होतं. पण रुग्ण मोजके, तुलनेसाठी दुसरा गट नाही. ती पद्धत पुढे नेहमीच्या उपचारात आली नाही. बहिणीच्या ग्रुपवरचा पहिला निरोप या वाटेने फिरत फिरत आला असणार.

मग गाठ परत का येते?

ग्लायोब्लास्टोमा बहुतेकदा परत येतो, आणि येतो तो जिथे किरण दिले त्याच जागी किंवा अगदी लगत. याचा अर्थ तिथल्या काही पेशी एवढा मारा सोसून उरल्या. कशा उरल्या, याच्या उत्तरात आता चरबी पुन्हा येते, पण उलट्या बाजूने.

गाठीची पेशी चरबी साठवते. निरोगी मेंदूत सहसा न दिसणारे चरबीचे थेंब ग्लायोब्लास्टोमात सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या गटाने 2020 मध्ये दाखवलं की जास्तीची मेदाम्लं थेंबांत बंद करणारं एन्झाइम अडवलं तर ती मेदाम्लं पेशीच्या वीजघरात, म्हणजे मायटोकाँड्रियात, लोटली जातात, तिथे रॅडिकलचा पूर येतो आणि पेशी मरते. थोडक्यात, थेंब ही सुरक्षित कोठी आहे. तेल बरणीत झाकून ठेवलं तर टिकतं, परातीत ओतून उन्हात ठेवलं तर नाही.

किरणांनंतर ही कोठी आणखी भरते. न्यूयॉर्कच्या गटाचं 2023 मधलं काम या बाबतीत मला सगळ्यात बोलकं वाटतं. किरण दिलेल्या ग्लायोब्लास्टोमाच्या पेशी मेदाम्लं तयार करण्याचा वेग वाढवतात, विशेषतः असंतृप्त मेदाम्लं जमवतात, थेंब वाढवतात आणि तगून राहतात. मेदाम्लं बनवणारा कारखाना, म्हणजे फॅटी ॲसिड सिंथेज नावाचं एन्झाइम, बंद पाडून किरण दिले तेव्हा उंदीर जास्त दिवस जगले.

इथे चाणाक्ष वाचक हटकेल: आत्ताच म्हणालात असंतृप्त चरबी खवटते आणि पेशी मरते, आता म्हणता असंतृप्त जमवून ती वाचते! हटकणं रास्त आहे. उत्तर त्या एका-अनेकच्या फरकात आहे. पेशी स्वतःच्या कारखान्यात जी असंतृप्त मेदाम्लं बनवते ती प्रामुख्याने एकाच दुहेरी बंधाची असतात, ओलेइक आम्लासारखी. बहुअसंतृप्त मात्र मुळात बाहेरून, अन्नातून यावी लागतात. ओलेइक आम्ल मिळालेल्या कॅन्सरच्या पेशी खवट मरणाला दाद देत नाहीत हे 2019 मध्ये दिसून आलं आहे. म्हणजे कुठली चरबी, कुठे ठेवलेली, यावर सगळं अवलंबून.

आपल्या इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने ओलेइक आम्ल जास्त असलेलं सोयाबीनचं वाण काढलंय. कशासाठी? तेल जास्त टिकावं, लवकर खवटू नये म्हणून. शास्त्रज्ञ बियाण्यात जे मुद्दाम घडवतात, तेच ही गाठ मार पडल्यावर स्वतःच्या आत घडवून आणते. हे लक्षात आलं तेव्हा मला त्या पेशींचा राग आला आणि थोडं कौतुकही वाटलं, खोटं कशाला बोलू.

आणि तिसरी तऱ्हा: काही पेशी ही चरबी साठवत नाहीत, जाळतात. कॅलिफोर्नियातल्या गटाने 2022 मध्ये दाखवलं की किरणांना न जुमानणाऱ्या ग्लायोब्लास्टोमा पेशी मेदाम्लं जाळून ऊर्जा मिळवतात, आणि त्याच जळणातून आपल्या अंगावर ‘मला खाऊ नका’ अशी एक खूण वाढवतात. शरीराच्या भक्षक पेशी ती खूण बघून पुढे जातात. साठवणाऱ्या आणि जाळणाऱ्या पेशी एकाच गाठीत शेजारी शेजारी असू शकतात. दुसरा निरोप, गाठ चरबीवर जगते हा, या संशोधनाची चिंधी आहे.

मग जवसाचं तेल प्यायलं तर?

बशीतल्या पेशींवर मेदाम्ल थेट ओतलेलं असतं. वाटीतलं तेल पोटात जातं, पचतं, यकृतातून फिरतं, आणि मेंदूच्या दाराशी येतं तेव्हा तिथे पहारा असतो. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती फार निवडक आहेत. संतृप्त चरबी आणि कोलेस्टेरॉल मेंदू मुख्यतः स्वतःचं स्वतः बनवतो, आणि मेंदूला लागणारं डीएचए हे ओमेगा-थ्री आत न्यायला खास वाहक प्रथिन आहे. जवसात डीएचए नसतंच; जवसातल्या आम्लापासून शरीर ते बनवतं, पण अगदी थोडं. गाठीतला पहारा थोडा ढिला असतो हे खरं, तरी चमचाभर तेलातलं किती आम्ल गाठीत, तेही कोठीत न जाता नेमकं आवरणात जाईल? रोजच्या जवसाच्या चटणीचं भय नको आणि तिच्याकडून चमत्काराची आशाही नको. कॅप्सूल मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. ऑपरेशन, गोळ्या, रक्ताच्या तपासण्या हे सगळं त्यांच्या हिशेबात असतं.

तेलतूप बंद, किंवा उलट किटो?

किटो आहारात साखर-धान्य जवळपास बंद आणि चरबीवरच भर. ॲरिझोनातल्या 2012 च्या एका प्रयोगात किटो आहार आणि किरण दोन्ही दिलेल्या अकरापैकी नऊ उंदरांमधली गाठ दिसेनाशी झाली होती. तो आकडा आजही फिरतो. माणसांवरची गोष्ट फिरत नाही: जर्मनीत गाठ परत आलेल्या 50 रुग्णांना दुसऱ्यांदा किरण देताना अर्ध्यांना काही दिवस किटो आणि उपवास करवला, 2020 मध्ये निष्कर्ष आला, आणि गाठ पुन्हा वाढायला लागेपर्यंतच्या काळात दोन गटांत फरक पडला नाही. ज्यांची रक्तातली साखर खाली राहिली त्यांचं काहीसं बरं दिसलं, पण ती विभागणी मागाहून केलेली, तिच्यावर इमारत उभी करता येत नाही. शिवाय मेंदूची सूज कमी ठेवायला स्टेरॉइड चालू असतं, ते साखर वाढवतंच.

आणि तेलतूप पूर्ण तोडलं तर? कारखाना पेशीच्या आतच आहे, साखरेपासूनसुद्धा ती मेदाम्लं बनवते. उपाशी राहील तो माणूस.

जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी काय बिघडतं?

बिघडू शकतं. आयोवाच्या बशीत ई जीवनसत्त्वाने किरणांचा वाढलेला परिणाम पुसला, ते आठवा. माणसांतलाही एक दाखला आहे, मेंदूचा नाही, तोंड-घशाच्या कॅन्सरचा. कॅनडातल्या क्विबेक प्रांतात 540 रुग्णांना किरणोपचाराच्या काळात ई जीवनसत्त्व आणि बीटा-कॅरोटीन, किंवा नुसत्या दिखाऊ गोळ्या दिल्या. 2005 मध्ये कळलं ते असं: जीवनसत्त्ववाल्यांना किरणांचा त्रास कमी झाला, पण त्याच जागी रोग परत येण्याचा कलही त्यांच्यातच जास्त दिसला. निरोगी पेशी वाचवणारी ढाल गाठीलाही मिळाली असावी. फळं-भाज्यांबद्दल हे नाही. मोठ्या मात्रेच्या गोळ्यांबद्दल आहे. ‘ताकद येते’ म्हणून नातेवाईक ज्या बाटल्या आणून देतात, त्यांबद्दल.

औषध निघालंय का?

वाट धरली आहे, मुक्काम लांब आहे. मेदाम्लांचा कारखाना थांबवणारं एक औषध गाठ परत आलेल्या 25 रुग्णांवर, दुसऱ्या एका औषधासोबत तपासून झालं. एवढ्या आकड्यावर कुणी उडी मारत नाही. चरबी जाळणं अडवणारं एटोमॉक्सिर प्रयोगशाळेत छान चालतं, पण पूर्वी हृदयरोगासाठी माणसांत तपासताना यकृताच्या तक्रारींमुळे मागे पडलं. शिवाय कुठलंही औषध आधी त्या पहाऱ्यातून मेंदूत शिरलं पाहिजे, आणि एक वाट अडवली तर पेशी दुसरी धरणार नाही याची खात्री हवी. निरोगी मेंदूही चरबीचाच बनलेला, पाणी वगळलं तर निम्म्याहून जास्त. सरसकट सगळं खवटवून चालत नाही.

तोवर हातात आहे ते साधं, सिद्ध झालेलं. 573 रुग्णांच्या ज्या चाचणीवर आजचा उपचार उभा आहे तिचे निष्कर्ष 2005 चे: नुसत्या किरणांनी मधलं आयुर्मान (निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगतात तो काळ) 12.1 महिने, गोळ्यांची जोड दिल्यावर 14.6, दोन वर्षं पार करणारे 10.4 टक्क्यांवरून 26.5 टक्के. आकडे लहान वाटतात. ज्याच्या घरात मोजणी चालू असते त्याला वाटत नाहीत.

हे सगळं मी बहिणीला एका फोनवर नाही, चार-पाच संध्याकाळी तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. तिने मग घरातल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढे टेबलावर मांडल्या. त्यांनी ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल आणि कुणीतरी दिलेला एक काढा बाजूला काढला, बाकी राहू दिलं.

काल पुन्हा फोन आला. शेकाच्या वेळी डोकं हलू नये म्हणून चढवतात तो मास्क आता गालांवर घट्ट होतो म्हणे, स्टेरॉइडने तोंड सुजलंय. भाकरीबरोबर जवसाची चटणी मात्र दोनदा मागून घेतली त्यांनी. शेक नऊ उरले आहेत.